राजा परदेशी, कारभार वेस्टमिन्स्टरला : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरकार कसे घडले

इ. स. ११९२ च्या डिसेंबरमध्ये धर्मयुद्धावरून परतणारा इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या हाती सापडला. ड्यूकने त्याला जर्मन सम्राट सहावा हेन्री याच्या हवाली केले आणि सुटकेसाठी अखेर १,५०,००० मार्कांची, म्हणजे सुमारे १,००,००० पौंडांची खंडणी ठरली. या राजाने दहा वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंडच्या भूमीवर जेमतेम सहा महिने काढले होते. तरीही तो कैदेत असताना त्याच्या नावाने देशभर उत्पन्नाच्या आणि जंगम मालमत्तेच्या एकचतुर्थांश इतका कर बसवला गेला, सिस्टर्शियन मठांची त्या वर्षीची लोकर घेण्यात आली, चर्चमधली चांदीची भांडी गोळा झाली आणि खंडणीचा मोठा हिस्सा पोचल्यावर फेब्रुवारी ११९४ मध्ये तो सुटला. राजा हजर नसताना, त्याचे सैन्य दारात उभे नसताना, गावोगावच्या लोकांकडून एवढा पैसा कोणी आणि कसा वसूल केला, हा प्रश्न मला मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. लढाया आणि वारसाहक्काची भांडणे त्या काळी सगळ्याच देशांत होती. राजावाचून चालणारा कारभार मात्र फार थोड्या ठिकाणी होता.

याचे थोडक्यात उत्तर असे देता येईल : सुरुवातीला राजाचे घर हेच सरकार होते. त्याच्या शयनगृहातली पेटी हा खजिना, त्याच्या प्रार्थनागृहातले पाद्री हे लेखनिक आणि त्याच्यासमोर भरणारी बैठक हेच न्यायालय. हे घर सतत फिरतीवर असे. पुढे कामाचा पसारा वाढला, तसे एकेक काम राजाच्या मागून फिरायचे थांबले आणि एका जागी बसले. राजा पुढच्या मुक्कामाला निघून गेल्यावर जे मागे राहिले, त्यातूनच सरकार उभे राहिले.

या इमारतीचा पाया मात्र नॉर्मन विजयाच्या आधीचा आहे. अँग्लो-सॅक्सन राजांनी इंग्लंडचा बराचसा भाग शायर नावाच्या विभागांत आणि शायरचा भाग हंड्रेड नावाच्या पोटविभागांत वाटला होता. आपल्याकडच्या जिल्हा आणि तालुक्यासारखीच ही रचना. शायरमधल्या राजाच्या कारभाऱ्याला ‘शायर-रीव्ह’ म्हणत, आणि तोच शब्द झिजून ‘शेरीफ’ झाला. मुंबईत नगरपालाचे जे मानाचे पद आहे त्याचे इंग्रजी नाव हेच. हजार वर्षांपूर्वीच्या वसुली अधिकाऱ्याचे नाव इतका लांबचा प्रवास करून आपल्यापर्यंत आले आहे. चांदीची पेनी पाडण्याचा अधिकार राजाने स्वतःच्या ताब्यात ठेवला होता आणि ठरावीक वर्षांनी जुनी नाणी बाद करून नवी दिली जात. शायरच्या सभेला राजाचा हुकूम एका छोट्या, शिक्का लावलेल्या पत्राने कळवला जाई. त्या पत्राला म्हणत ‘रिट’. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तो पुढे वारंवार येणार आहे.

१०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले, तेव्हा ही घडी त्याने मोडली नाही, उलट ती कसून वापरली. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे त्याने आपल्या सल्लागारांशी चर्चा केली आणि देशभर चौकशी करण्यासाठी माणसे पाठवली. ही जमीन विजयाआधीच्या राजा एडवर्डच्या काळी कोणाकडे होती, आज कोणाकडे आहे, नांगर किती, कुरण आणि रान किती, तेव्हा तिचे मोल काय होते आणि आता काय आहे, असे प्रश्न शायरच्या आणि हंड्रेडच्या लोकांना शपथेवर विचारण्यात आले. एका समकालीन बखरकाराने खेदाने लिहिले आहे की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटले नाही. १३,००० हून अधिक ठिकाणांची माहिती देणारे हे दफ्तर पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखले गेले. कयामतीच्या दिवशीच्या निवाड्यावर जसे अपील नाही, तसे या पुस्तकातल्या नोंदीवरही नाही, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिले, असे बाराव्या शतकातला एक खजिनदार सांगतो. लंडन, विंचेस्टर आणि उत्तरेकडचा बराच प्रदेश त्यात नाही, हे खरे. पण परक्या विजेत्याला अशी चौकशी मुळात शक्य झाली, ती शायर आणि हंड्रेड यांच्या सभा आधीपासून भरत होत्या म्हणूनच.

विल्यमचा धाकटा मुलगा पहिला हेन्री याच्या काळात (११००–११३५) हिशेबाचे खाते राजाच्या घरापासून वेगळे होऊ लागले. या खात्याचे नाव एक्स्चेकर. लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘स्काकारियुम’ म्हणत. त्यावरून हे नाव पडले, कारण हिशेबासाठी खरोखरच एक पट मांडला जाई. त्याचे वर्णन आपल्याला तपशिलाने मिळते, कारण खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात या खात्याची पूर्ण माहिती लिहून ठेवली. दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, त्यावर रेघा आखलेले काळे कापड. उजवीकडून पहिला रकाना पेनीचा, मग शिलिंगांचा, पौंडांचा, विसाचा, शेकड्याचा, हजाराचा. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणे महाकठीण, म्हणून या रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब केला जाई : शेरीफने किती द्यायचे ते वर, किती दिले ते खाली, आणि दोन्ही ओळींतला फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वाचता न येणाऱ्या शेरीफलाही आपल्याकडे किती बाकी निघते ते पटावर दिसत असे. हा डाव खजिनदार आणि शेरीफ यांच्यात खेळला जातो, असे फिट्झनील म्हणतो.

शेरीफला वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणाला, इथे हजर व्हावे लागे. ईस्टरला तो काही रक्कम भरी आणि तिची पावती म्हणून त्याला ‘टॅली’ मिळे. टॅली म्हणजे हेझलच्या लाकडाची काठी. तिच्यावर रकमेच्या खाचा पाडल्या जात : हजार पौंडांसाठी तळहाताच्या रुंदीची खाच, शंभरासाठी अंगठ्याएवढी, विसासाठी करंगळीएवढी, एका पौंडासाठी सातूच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून एक भाग शेरीफला देत आणि दुसरा खजिन्यात ठेवत. मायकेलमसला दोन्ही भाग जोडून पाहायचे. खाचा जुळल्या नाहीत तर लबाडी उघड. कागदपत्रावर खाडाखोड करता येते, पण चिरलेल्या लाकडाचे रेषे बनावट करता येत नाहीत. ही पद्धत इतकी भरवशाची ठरली की ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. हिशेबाचा निकाल चामड्याच्या लांब पत्र्यांवर उतरवला जाई. पत्रे गुंडाळून ठेवल्यावर नळीसारखे दिसत, म्हणून त्यांना ‘पाइप रोल’ म्हणतात. त्यांतला सर्वांत जुना उपलब्ध रोल ११३० चा आहे. या रोलमध्ये गेल्या वर्षीची थकबाकी यंदा पुढे ओढली जाते, शेरीफ मेला तरी त्याच्या मुलाच्या नावावर येते, आणि ज्या राजाला देणे होते तो मेला तरी नव्या राजाला देणे राहते. माणसाची आठवण जिथे संपते, तिथून दफ्तराची सुरू होते.

पहिल्या हेन्रीनंतर त्याची मुलगी माटिल्डा आणि भाचा स्टीफन यांच्यात गादीसाठी जी लढाई जुंपली तिने हा कारभार खिळखिळा केला. ११५४ मध्ये माटिल्डाचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर आला, तेव्हा स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंतचा मुलूख त्याच्या ताब्यात होता आणि आपल्या कारकिर्दीची निम्म्याहून अधिक वर्षे त्याने फ्रान्समध्येच काढली. राजा इथे नाही, तरी त्याचा न्याय इथे असला पाहिजे, ही त्याची गरज होती, आणि त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिला पुढे ‘कॉमन लॉ’ म्हणजे सर्व देशाला समान असा कायदा म्हणू लागले. ११६६ च्या क्लॅरेंडनच्या हुकुमाने प्रत्येक हंड्रेडमधली बारा आणि प्रत्येक गावातली चार प्रतिष्ठित माणसे शपथेवर बोलावून आपल्या भागातले चोर, दरोडेखोर आणि खुनी कोण ते सांगायला लावले. संशयिताला पाण्याचे दिव्य करावे लागे : बांधून पाण्यात सोडायचे, बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. मराठी वाचकाला दिव्य या शब्दाची ओळख करून द्यायला नको. आपल्या जुन्या निवाडापत्रांतही ते भेटते. त्या हुकुमातले एक कलम मला फार बोलके वाटते : दिव्यातून सुटलेला माणूसही गावात बदनाम असेल तर त्याने आठ दिवसांत देश सोडावा. दैवी कौलापेक्षा शेजाऱ्यांच्या साक्षीवर राजाचा विश्वास अधिक होता, हे यातून स्पष्ट दिसते. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला मनाई केली, तेव्हा दिव्य बंद पडले आणि त्याच्या जागी दोषनिर्णयासाठीही शेजाऱ्यांची ज्यूरी आली.

जमिनीच्या वादात हेन्रीने याहून मोठे काम केले. समजा, एखाद्या स्वतंत्र शेतकऱ्याला त्याच्या जमिनीवरून कोणी हुसकावून लावले. पूर्वी त्याला आपल्या सरंजामदाराच्या दरबारी दाद मागावी लागे, आणि हुसकावणारा बहुधा तोच सरंजामदार असे. आता तो राजाच्या चान्सरीतून, म्हणजे पत्रव्यवहाराच्या कचेरीतून, थोडी फी भरून एक ठरीव मजकुराचे रिट विकत घेऊ शकत होता. त्या रिटाने शेरीफला आज्ञा होई की शेजारची बारा माणसे बोलाव, त्यांना जमीन दाखव आणि राजाच्या न्यायाधीशांसमोर एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायला लाव : अमक्याने तमक्याला अन्यायाने आणि निवाड्याशिवाय त्याच्या जमिनीवरून काढले आहे काय? जमिनीची मूळ मालकी कोणाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा गुंता तिथे सोडवायचा नसे. अलीकडे ताबा कोणाचा होता आणि तो कोणी हिसकावला, एवढेच. द्वंद्वयुद्ध नाही, दिव्य नाही, लांबण नाही. राजाचे न्यायाधीश शायरोशायरी फेऱ्या काढत आणि असे दावे निकालात काढत. आज आपण उच्च न्यायालयात ‘रिट याचिका’ दाखल करतो तेव्हा हाच शब्द उच्चारतो. मात्र या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधल्या ग्रामीण लोकसंख्येचा फार मोठा भाग जमिनीशी बांधलेल्या, अस्वतंत्र शेतकऱ्यांचा होता, आणि त्यांना आपल्या मालकाविरुद्ध हे रिट मिळत नसे. समान कायदा समान होता तो स्वतंत्र माणसांसाठी.

रिचर्डच्या खंडणीचे कोडे इथे उलगडते. शेरीफ होते, एक्स्चेकर होते, फिरते न्यायाधीश होते, आणि या सर्वांवर राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा ‘जस्टिशियर’ नावाचा अधिकारी होता. ११९३ च्या अखेरीस या पदावर आलेला कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर हा माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत कर्तबगार माणूस, जरी त्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. ११९५ मध्ये त्याने ठरवले की न्यायालयात झालेल्या जमिनीच्या तडजोडीच्या दोनऐवजी तीन प्रती एकाच चामड्यावर लिहायच्या, मग नागमोडी कापून दोन पक्षकारांना एकेक द्यायची आणि तळाची तिसरी खजिन्यात ठेवायची. पुढे कोणी खोटा दावा केला तर तिन्ही तुकडे जुळवून पाहता येत. सामान्य माणसाच्या व्यवहाराची प्रत सरकारने सांभाळून ठेवायची, ही कल्पना त्या काळी नवीन होती. रिचर्डचा भाऊ जॉन ११९९ मध्ये राजा झाला, तेव्हा ह्यूबर्ट चान्सलर, म्हणजे चान्सरीचा प्रमुख, झाला आणि त्या वर्षापासून राजाच्या शिक्क्याने बाहेर जाणाऱ्या सनदांच्या नकला ठेवल्या जाऊ लागल्या. थोड्याच काळात पत्रांच्याही. आपल्या कचेऱ्यांतल्या जावक नोंदवहीचेच ते रूप. हा पत्रव्यवहार किती फुगला याचे एक विलक्षण माप उपलब्ध आहे : शिक्क्यांसाठी लागणाऱ्या मेणाचा हिशेब. १२२० च्या दशकाच्या अखेरीस चान्सरीला आठवड्याला सुमारे साडेतीन पौंड वजनाचे मेण लागे. चाळीस वर्षांनी ते ३२ पौंडांच्या आसपास गेले.

यंत्र जितके चांगले, तितका त्याचा जाच मोठा. १२०४ मध्ये जॉनने नॉर्मंडी गमावली आणि ती परत मिळवण्यासाठी पैसा उभा करताना त्याने हे यंत्र निर्दयपणे चालवले. सैन्यात सेवा देण्याऐवजी सरंजामदारांनी भरायच्या रकमेला स्क्युटेज, म्हणजे शब्दशः ढालपट्टी, म्हणत. ती त्याने पुन्हा पुन्हा घेतली आणि दर वाढवला. वारसाहक्काची जमीन मिळण्यासाठी हजारो पौंड मागितले, आणि कोणी नाराजी दाखवली की त्याची जुनी थकबाकी एक्स्चेकरच्या रोलमधून वर काढली. १२०७ मध्ये जंगम मालमत्तेच्या तेराव्या हिश्श्याच्या करातून त्याला सुमारे ६०,००० पौंड मिळाले. जून १२१५ मध्ये थेम्सकाठच्या रनिमीड कुरणावर बॅरनांनी, म्हणजे बड्या सरंजामदारांनी, त्याच्याकडून मॅग्ना कार्टा ही सनद मिळवली, ती या पार्श्वभूमीवर.

या सनदेतली ३९ आणि ४० ही कलमे सर्वांना ठाऊक असतात : स्वतंत्र माणसाला कायदेशीर निवाड्याशिवाय कैद करू नये, आणि न्याय विकू नये, नाकारू नये, लांबवू नये. पण सरकार कसे घडले हे समजायचे असेल तर १७ आणि १८ ही कलमे वाचावीत. सतरावे सांगते की सामान्य दावे राजाच्या मागे फिरता कामा नयेत, ते एका ठरलेल्या जागी चालले पाहिजेत. अठरावे सांगते की जमिनीच्या ताब्याचे दावे चालवायला राजाने प्रत्येक शायरमध्ये वर्षातून चार वेळा न्यायाधीश पाठवावेत. म्हणजे राजाविरुद्ध शस्त्र उचललेल्या लोकांनी राजाची न्यायालये बंद करा अशी मागणी केली नाही. ती अधिक नियमित आणि अधिक जवळ असावीत असे मागितले. अवघ्या पन्नास वर्षांत हेन्रीची व्यवस्था लोकांना इतकी आपली वाटू लागली होती. सनद स्वतः मात्र दहा आठवड्यांतच पोपने रद्द ठरवली, देशात यादवी झाली आणि ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला. त्याचा मुलगा तिसरा हेन्री फक्त नऊ वर्षांचा होता. त्याच्या पालकांनी पाठिंबा मिळवण्यासाठी सनद सुधारून पुन्हा दिली, १२१७ मध्ये आणखी एकदा दिली, आणि १२२५ मध्ये जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्श्याच्या कराच्या मोबदल्यात तिला कायमचे रूप आले.

१२२५ चा हा सौदा पार्लमेंटचे बीज आहे. राजाला पैसा हवा असेल तर त्याने मागावे, आणि देणाऱ्यांनी तक्रारींचे निवारण मागून मगच द्यावे. १२५४ मध्ये कराच्या संमतीसाठी प्रत्येक शायरमधून दोन नाइट बोलावण्यात आले. जानेवारी १२६५ मध्ये बंडखोर सायमन द माँटफर्टने शहरांचे प्रतिनिधीही बोलावले आणि त्याच ऑगस्टमध्ये तो ईव्हशॅमच्या लढाईत मारला गेला. पण ज्या राजपुत्राने त्याला हरवले, त्यानेच पुढे पहिला एडवर्ड म्हणून राजा झाल्यावर १२९५ मध्ये तीच पद्धत उचलली. बोलावणाऱ्या रिटात अट होती की प्रतिनिधींनी आपल्या शायरच्या वा शहराच्या वतीने बांधून घेण्याचा पूर्ण अधिकार घेऊन यावे, म्हणजे घरी परतल्यावर ‘आम्हाला हे मान्य नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरू नये. लोकप्रतिनिधित्वाची ही कल्पना राजाच्या सोयीतून जन्मली. १३७६ पर्यंत त्याच प्रतिनिधींनी राजाच्या भ्रष्ट मंत्र्यांवर खटला भरण्याइतकी उंची गाठली होती.

संमती देणाऱ्यांच्या यादीत जे नव्हते, त्यांचे काय झाले, हेही इथेच सांगायला हवे. इंग्लंडमधले ज्यू थेट राजाच्या अखत्यारीत मानले जात. त्यांच्या सावकारीच्या कर्जखतांची नोंद ठेवायला स्वतंत्र एक्स्चेकर होते आणि त्या नोंदींच्या आधारे त्यांच्याकडून वेळोवेळी जबर रकमा पिळून काढल्या गेल्या. ते कंगाल झाल्यावर १२९० मध्ये एडवर्डने साऱ्या ज्यूंना देशाबाहेर काढले, आणि त्याच सुमारास पार्लमेंटने त्याला मोठा कर मंजूर केला. ज्या दफ्तराने शेतकऱ्याचा ताबा राखला, त्याच दफ्तराने हेही काम केले.

एकेक कचेरी लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला स्थिरावली तसा राजा पुन्हा रिकाम्या हाताने राहिला आणि त्याने घरात नवी सोय केली. चान्सरीचा मोठा शिक्का दूर गेला, तेव्हा त्याने जवळ एक छोटा खासगी शिक्का ठेवला. चौदाव्या शतकात त्याचीही कचेरी झाली, तेव्हा त्याहून लहान सिग्नेट आला. हा शिक्का सांभाळणारा तो राजाचा सेक्रेटरी, म्हणजे गुपिते राखणारा. पुढच्या काळातले ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ त्याचेच वंशज.

ऑगस्ट १४२२ च्या अखेरीस पाचवा हेन्री फ्रान्समध्ये वारला आणि नऊ महिनेही पूर्ण न झालेला त्याचा मुलगा सहावा हेन्री राजा झाला. रिटे त्या बाळाच्या नावाने निघत राहिली, शेरीफ हिशेब देत राहिले, न्यायालये भरत राहिली. एकतीस वर्षांनी, ऑगस्ट १४५३ मध्ये, याच राजाची शुद्ध हरपली. तो कोणाला ओळखेना, बोलेना, नवजात मुलगा समोर आणला तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. कारभार तरीही सात महिने चालला. मग मार्च १४५४ मध्ये चान्सलर जॉन केम्प मरण पावला. मोठा शिक्का कोणाच्या हाती द्यायचा हे फक्त राजाच ठरवू शकत होता. सरदारांचे एक शिष्टमंडळ विंडसरला गेले, त्यांनी राजाला पुन्हा पुन्हा विचारले, आणि एक शब्द, एक खूणही न मिळता परतले. पार्लमेंट भरलेलेच होते. सरदारांनी यॉर्कच्या ड्यूकला राज्याचा संरक्षक नेमले आणि एप्रिलच्या सुरुवातीला अर्ल ऑफ सॉल्झबरीकडे तो शिक्का सोपवला गेला.